एका पाटलीची बॉडी

मांजरीचा कान हलला की सौदा मोडला म्हणून समजा.

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, समोरून सायकल आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढावं अशा गल्लीत चाचांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. काउंटरवर जुन्या बिलबुकांचा गठ्ठा आणि त्या गठ्ठ्यावर बारा महिने झोपलेली एक पिवळी मांजर. गिऱ्हाइकाला कुठलीही बॉडी दाखवण्याआधी चाचा ती मांजरीच्या डोक्याशी धरायचे आणि एकदा शटर दाबायचे. मांजर झोपूनच राहिली तर बॉडी पास. कान हलला तर ती परत खोक्यात.

"हे लग्नासाठी ने," ते म्हणायचे. "जंगलात नको. इच्या कानाले गेलं ते चितळाच्या कानाले नाई जाणार काय?"

बॉडी म्हणजे कॅमेऱ्याचं मुख्य धड. पुढची लांबलचक लेन्स वेगळी घ्यावी लागते. पक्ष्यांचे आणि जनावरांचे फोटो काढणाऱ्या लोकांचा निम्मा जन्म कोणती बॉडी घ्यावी या चर्चेत जातो. मी वाघांच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, बफरच्या गेटवर, गाइड आहे, त्यामुळे ही चर्चा जिप्सीच्या मागच्या सीटवरून मला रोज ऐकू येते. एका सेकंदाला किती फोटो निघतात, कमी उजेडात चित्र किती दाणेदार होतं, पाखराचा डोळा आपोआप पकडते की नाही. वाघ समोरून निघून जातो आणि यांचं चालूच असतं. चाचांना यातलं सगळं ठाऊक होतं. नव्या बॉडीचं माहितीपत्रक ते चहाबरोबर वर्तमानपत्रासारखं वाचून काढायचे. पण गिऱ्हाइकाशी यातला एक शब्दही आधी बोलायचे नाहीत. बजेटसुद्धा विचारायचे नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"काय पाह्यलं?"

लोक गोंधळायचे. काय घ्यायचं ते पाठ करून आलेले असायचे, काय पाहिलं याची तयारी कुणाचीच नसायची. एकदा एक कंत्राटदार आले. प्रश्नाला उत्तर न देताच म्हणाले, "तुमच्याकडची सगळ्यात मोठी बॉडी काढा." चाचांनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. "मोठी बॉडी पाह्यजे तर दवाखान्यात पाहा भाऊ. इथी लहान-लहानच हायेत." आमच्या भागात बॉडी आली म्हटलं की लोकांना आधी मढंच आठवतं. कंत्राटदार तणतणत गेले. चाचांना त्याचं काही नव्हतं. मी हिशेबाची बाई नाही, पण ते दुकान चालत कसं होतं हे मला अजून उमगलेलं नाही.

चाचा अंगानं किडकिडीत, कानात अत्तराचा फाया, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक मऊ ब्रश. तो खरा कॅमेरे साफ करायचा. पण बोलताना चाचांचा हात आपोआप ब्रशाकडे जायचा आणि समोर जे असेल ते झाडायला लागायचा. मांजरीची मिशी, बशीची कड, गिऱ्हाइकाच्या खिशाला लावलेलं पेन. एकदा बोलता बोलता त्यांनी माझ्या भुवया झाडल्या होत्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आणि झाडलेली धूळ ते फेकायचे नाहीत. हे त्यांचं सगळ्यात मोठं वेड. कॅमेऱ्याच्या फटींतून निघालेली माती ते अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे आणि वर चिठ्ठी चिकटवायचे. एटापल्लीची लाल. अहेरीची पिवळसर. भामरागडची नदीकाठची बारीक रेती. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद व्हायचे, कॅमेरे अडकून पडायचे आणि दिवाळीच्या सुमाराला बुरशी घेऊन चाचांकडे यायचे, म्हणून त्या बाटलीत थोडी बुरशीही होती. कोळशाची काळी धूळ मात्र ते ठेवायचे नाहीत. "ते तं घरचीच हाय," म्हणायचे.

या बाटल्यांपायी त्यांनी एका साहेबांचा संसार धोक्यात आणला होता. साहेब सपत्नीक कॅमेरा साफ करायला आले. बोलण्यात बाई म्हणाल्या, यांची चार दिवस अहेरीला ड्युटी होती, आम्हाला कुठं फिरायला नेतात. चाचांनी ब्रश फिरवला, माती तळहातावर घेतली, बोटानं चोळली, आणि शुद्ध ज्ञानाच्या आनंदात म्हणाले, "साहेब, हे अहेरीची नोहे. हे तं सफारीच्या गेटाची हाय." साहेब पुन्हा कधी आले नाहीत. चाचांना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यात रागावण्यासारखं काय होतं.

इतक्या मातीची पारख असलेला हा माणूस कधी जंगलात गेला नव्हता. अख्खा जन्म चंद्रपुरात काढून त्यांनी वाघ पाहिला नव्हता, आणि कुणी नेतो म्हटलं की विषय बदलायचे. "मी काऊन जाऊ? जंगलच येते माह्या दुकानात," एवढंच बोलायचे. मला तो तोरा वाटायचा. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते एका पक्ष्यापायी.

आम्ही ढिवर. तळ्यातली मासोळी आणि शिंगाडा यावर आमचं घर चाललं. बाबांचं स्वतःचं पाणी कधी नव्हतं, दुसऱ्यांनी ठेक्यानं घेतलेल्या तळ्यांवर ते मजुरीनं जाळं टाकायचे. लहानपणी त्यांच्या डोंग्यात, लाकडी होडक्यात, बसून मी एक पाखरू पाहिलं होतं. शिंगाड्याच्या पानांवर चालणारं, लांब बोटांचं. पुस्तकात त्याला कमळपक्षी म्हणतात हे मला गाइडच्या प्रशिक्षणात कळलं. बाबा त्याला 'पानावरचा' म्हणायचे. तो पानावरचा त्या दिवशी उभा होता आणि त्याच्या पंखांखालून पाय लोंबत होते. दोन स्वतःचे आणि बाकीचे लोंबते. मी घाबरले. बाबा म्हणाले, "भेऊ नको. बाप हाय तो. पोरं काखेत घेऊन चालला." आम्ही दोघांनी पाय मोजले. दहा भरले.

पुढे बाबा गेले. मी गेटवर लागले. एकदा एका मोठ्या फोटोग्राफर सरांना मी उत्साहानं ही गोष्ट सांगितली. हातात एवढी लांब लेन्स असलेला तो माणूस सगळ्या जिप्सीसमोर हसला आणि म्हणाला, "दहा पायांचा पक्षी! गाइड ताई, तुमच्या गावातली पाखरं पण पिऊन असतात का?" सगळे हसले. मीही हसले, गाइडला हसावं लागतं. पण ते बाबांना हसले होते. त्या दिवशी मी ठरवलं की कॅमेरा घ्यायचा आणि तो बाप त्याच्या सगळ्या पायांसकट काढायचा. एका नागपूरच्या मॅडमनी नवी लेन्स घेतली तेव्हा जुनी मला देऊन टाकली होती. उरली होती बॉडी.

मी घरी आईला सांगितलं. आई अंगणात जाळं विणत होती.

"आई, मी बोडी घेतो म्हणतो." आमच्याकडे बायाही 'घेतो', 'जातो' असंच बोलतात. आणि आमच्या झाडीपट्टीच्या तोंडात 'ऑ' टिकत नाही. कॉलेजचं कोलेज होतं, डॉक्टरचा डोक्टर होतो. तशी माझ्या तोंडून बॉडीची बोडी झाली. आता बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तळं. गावाशेजारचं, पाळ घातलेलं, धानाला पाणी आणि ढिवराला मासोळी देणारं. मला तेव्हा हे सुचलंही नाही.

आईचा हात थांबला. "खरंच घेतेस?"

"हो. चंद्रपूरले जाऊन घ्या लागते."

"नवी का जुनी?"

"नवीच घेतो म्हणतो."

"नवी नको, पोरी. नवीचा भरवसा नसते. जुनी घेजो." मग जरा थांबून, "पाणी नाई जात ना?"

"नाई जात. पक्की हाय. कितीही पाऊस आला तरी काई होत नाई तिले."

"मंग तं लय चांगली हाय," आई म्हणाली. ती आत गेली, साबणाच्या पाण्यानं मनगटं चोळली आणि दोन्ही पाटल्या उतरवून माझ्या ओंजळीत ठेवल्या. तिच्या आईकडून आलेलं तेवढंच सोनं घरात उरलं होतं. "घे. तुह्या बापाची लय हौस होती."

मला वाटलं, ती त्या पाखराबद्दल बोलते आहे. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांपुढे उभी होते.

"काय पाह्यलं?"

"वाघ," मी म्हणाले. गाइडचं तयार उत्तर.

"वाघ तं बसचे कंडक्टरबी पाहतात. तू काय पाह्यलं?"

मी पानावरच्याची गोष्ट सांगितली. सांगताना खाली बघत होते, पुन्हा हसण्याची वाट पाहत. हसण्याचा आवाज आला नाही. वर पाहिलं तर चाचांचा ब्रश हवेत थांबलेला होता.

"किती पाय म्हणतलं?"

"दहा."

"फोटो हाय?"

"त्याच्यासाठीच तं आली, चाचा."

मी गेटवरच्या बड्या लोकांकडे असते ती मोठी बॉडी मागितली. त्यांनी काढली. मांजरीचा कान फडकला. चाचांनी बॉडीवर दुपट्टा टाकला, मला हात आत घालायला लावला आणि न बघता बटणं शोधायला सांगितली. "डोळा पाखरावर पाह्यजे, बटनावर नाई." माझं बोट तिथवर पोचतच नव्हतं. मग तिला लेन्स जोडून म्हणाले, डोळ्याला लाव आणि माझा चहा होईपर्यंत धर. चाचा बशीत चहा ओतून प्यायचे आणि ज्याला विकायचं नसेल त्याच्यासमोर फार सावकाश प्यायचे. अर्ध्या बशीतच माझे हात लटपटायला लागले.

पण माझ्या डोक्यात ते हसणारे सर बसले होते. त्यांच्यापेक्षा कमी मला नको होतं. "मले हेच पाह्यजे," म्हणून मी रुमाल सोडून पाटल्या काउंटरवर ठेवल्या. आधी भाव पक्का करायचा आणि मग शेजारच्या गल्लीत सोनाराकडे जायचं असं ठरवून आले होते.

चाचांनी पाटल्यांकडे पाहिलं. "कोणाच्या?"

"आईच्या. तिनं खुशीनं देल्या."

"काय सांगतलं तिले?"

मी अभिमानानं आमचं सगळं बोलणं सांगितलं. 'पाणी नाई जात ना' ऐकल्यावर ते हसू लागले. मग हसता हसताच थांबले आणि म्हणाले, "पुन्हा सांग. जुनी घेजो म्हणे? काऊन म्हणे?"

"नवीचा भरवसा नसते म्हणे."

"बाई," चाचा हळू आवाजात म्हणाले, "तुही माय कॅमेरा नाई घेऊन राह्यली. तुही माय तळं घेऊन राह्यली."

आईचा थांबलेला हात, साबणाचं पाणी, बापाची हौस, सगळं एका क्षणात लागलं. बाबांना जन्मभर स्वतःची बोडी हवी होती. तिला वाटलं होतं, चंद्रपूरच्या कुठल्याशा हापिसात जाऊन पोरगी ती घेऊन येते आहे.

चाचांनी पाटल्या परत रुमालात बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली. "जा. तिले खरं सांग. मंग तिले घेऊन ये. एकटी आली तं दुकान बंद हाय."

मला त्यांचा इतका राग आला होता! माझ्या घरातल्या गोष्टीत हा कोण? बसमध्ये सगळा रस्ता मी मनात त्यांना शिव्या देत होते. दुसरा कुठलाही दुकानदार असता तर त्यानं बॉडी गुंडाळून दिली असती, आणि मी ती आईपुढे उघडली असती. ते चित्र आजही डोळ्यांपुढे येतं. तिनं मला माफ केलं असतं, आयाच त्या. पण ती बॉडी मी कधी डोळ्याला लावू शकले नसते.

आईला सगळं सांगितलं. तिनं जाळ्याच्या दोन गाठी मारल्या. मग म्हणाली, "मले बोडी आयकू आली." पाटल्या तिनं पुन्हा हातात चढवल्या नाहीत, डब्यात ठेवल्या. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, पाटल्या घालून अंगणात उभी.

"चाल. पाहू दे मले तो बोडीवाला."

दुकानात ती उंबऱ्यापाशीच थांबली. चाचा उठून उभे राहिले. मी त्यांना गिऱ्हाइकासाठी उभं राहिलेलं तेव्हाच पाहिलं. त्यांनी स्टूल झाडून दिलं आणि सवयीनं विचारलं, "बाई, तुमी काय पाह्यलं?"

आई गोंधळली नाही. म्हणाली, "भाऊ, मी मासोळी पाहतो. पाण्याच्या वरून. बुडबुडा लहान आला तं कोणती, मोठा आला तं कोणती, एकामागं एक आला तं खाली मरळ बसली हाय. हे पोरगी तिच्या बापावर गेली, वर पाहते. मी खाली पाहतो."

चाचांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी तीच मोठी बॉडी लेन्स लावून आईच्या हातात दिली आणि चहा प्यायला लागले. एक बशी झाली. दुसरी झाली. आईनं दाराबाहेर तारेवर बसलेल्या साळुंकीवर लेन्स धरली होती आणि ती इतकी स्थिर होती की चाचांनी तिसरी बशी ओतली. जन्मभर पाण्यात गळ धरून बसलेले हात ते. साळुंकीनं चोच उघडली आणि आई ओरडली, "बापा! इची तं जीभ दिसते!"

तिनं कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पाटल्यांना हात घातला. "घे, पोरी. हेबी पाणीच हाय."

मी ते वाक्य पूर्ण समजले असं आजही म्हणणार नाही. पण चाचा समजले असावेत, कारण ते घाईनं म्हणाले, "थांबा. हे बॉडी मी हिले देणार नाई."

ते मागच्या कपाटातून एक वापरलेली बॉडी घेऊन आले. बदली होऊन गेलेल्या एका बँकवाल्यांची. रबर एका कडेला उचकटलेलं, ते चाचांनी स्वतः चिकटवलेलं. मांजरीजवळ धरून हळू आवाजाचं बटण लावून शटर दाबलं. मांजर घोरत होती. दुपट्ट्याखाली माझी बोटं नीट बसली. "पाहा," चाचा आईला समजावू लागले, मला नाही. "ते मोठी बॉडी म्हणजे सताड उघडी खिडकी. हे म्हणजे एक झडप लावलेली खिडकी. पाखरू लहान, अन् बसते दूर. उघड्या खिडकीतून आभाळ दिसते, झाड दिसते, अन् पाखरू एवढंसं. एक झडप लावली तं नजर पाखरावरच राह्यते. हिले जे पाह्यचं हाय त्याले हेच पाह्यजे. बाकीचं हिच्या हातात हाय."

या बॉडीला एकच पाटली लागली. चाचांनी दुसरी आईच्या हातात चढवायला लावली आणि मगच बिल फाडलं.

त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं गावाबाहेरची बोडी ठेक्याला काढली. आईनं दुसरी पाटली उतरवली. आमच्या घरात एका पाटलीची बॉडी आली आणि एका पाटलीची बोडी. दोन्ही जुन्या होत्या आणि दोन्हींतून पाणी जात नव्हतं.

ते पाखरू मिळायला मला सबंध पावसाळा लागला. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आईच्या डोंग्यात बसायचे, ती शिंगाड्याच्या वेलांमधून बांबूनं डोंगा सरकवायची. मी हलले की ओरडायची. चिखल उडायचा, बॉडीच्या फटींत जायचा, महिन्यातून एकदा चाचांकडे जावं लागायचं. ते ब्रशानं माती काढून एका बाटलीत भरायचे आणि फोटो न बघताच विचारायचे, "भेटला?" भादव्यात भेटला. पानावरचा उभा राहिला, पंख जरा उचलले आणि पाय लोंबले. शटर दाबलं तेव्हा त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मांजरीची परीक्षा खरी ठरली.

मी धावत चाचांकडे गेले. त्यांनी फोटो मोठा केला, ब्रशाच्या मागच्या टोकानं पाय मोजले. पुन्हा मोजले.

"नऊ."

"दहावा आत दडला हाय, चाचा."

"दडला हाय म्हणजे नाई पाह्यला. तू दहा म्हणतलं होतं."

मला हसावं की रडावं कळेना. पण त्यांनी तो फोटो स्वतः छापून दुकानाच्या भिंतीवर लावला. तिथं दुसरा एकही फोटो नव्हता. खाली निळ्या पेनानं लिहिलं, 'नऊ'. पुढे कधीतरी ते हसणारे सर लेन्स दुरुस्तीला तिथं आले. चाचांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं: सर भिंतीसमोर उभे राहिले, बोट लावून मोजत गेले, आणि मग बराच वेळ आपल्याच लेन्सकडे बघत बसले. "म्या सांगतलं त्याहिले, काढणारी गेटावर हाय. तिले विचारा, अजून एक पाय राह्यला हाय." सर खरंच आले. त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या वर्षी दोन दिवस आईच्या डोंग्यात बसून काढले. त्यांनाही नऊच मिळाले.

मला फोटोंची कामं मिळू लागली. बऱ्याच वर्षांनी मी नव्या तऱ्हेची बॉडी घेतली, आवाजच न करणारी. चाचांनी ती मांजरीच्या कानाशी धरली आणि त्यांनाच कळेना की शटर दाबलं गेलं की नाही. "आवाज नाई तं फोटो निघाला हे समजावं कसं?" ते बरेच दिवस त्या बॉडीवर नाराज होते. ती चित्र ओळीओळीनं टिपते, त्यामुळे उडणाऱ्या खंड्याचा पंख तिच्यात केळीच्या पानासारखा वाकडा आला, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "पाह्यलं? घाई करते ते." दर भेटीत शेवटचा प्रश्न मात्र तोच असायचा: "दहावा?"

मग एके दिवशी त्यांचा फोन आला. आवाज लहान मुलासारखा.

"बाई, डोळा नवा बसवला."

तेव्हा मला कळलं. त्यांच्या उजव्या डोळ्याला लहानपणापासूनच कमी दिसायचं, डाव्याला चष्म्यानंही दूरचं धूसर, आणि त्यातच मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनला ते वर्षानुवर्षं घाबरत राहिले. दूरचं पाखरू त्यांना कधी दिसलंच नव्हतं. म्हणून ते जंगलात जात नव्हते, आणि म्हणूनच येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, काय पाह्यलं. लोकांनी सांगितलेलं तेवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या लेकीनं या वेळी हट्टानं दवाखान्यात नेलं होतं.

"पहिली चीज काय दाखवू याले?" त्यांनी विचारलं. "तू सांग. तुह्याच भरोशावर हाय."

मी म्हणाले, "भादव्यात या, चाचा. आईच्या बोडीवर."

आज चाचा नाहीत. दुकानाचं शटर बंद आहे. लेकीनं मला एक अत्तराची बाटली आणून दिली. आत काळा वाळलेला चिखल, आणि वर चाचांच्या अक्षरात चिठ्ठी: 'बोडी'. त्यांना गावाचं नाव ठाऊक होतं, बाकी सगळ्या बाटल्यांवर गावांचीच नावं आहेत. माझ्या बाटलीवर त्यांनी तो चुकीचा ऐकलेला शब्द लिहिला. मी आज ज्या कामावर पोट भरते, ज्याच्यामुळे लोक मला नावानं हाक मारतात, ते सगळं एका माणसानं मला वस्तू विकायला नकार दिला तिथून सुरू झालं. त्यांच्या हयातीत मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी माझ्या भुवया झाडल्या असत्या.

पण ती भादव्यातली सकाळ मी त्यांना देऊ शकले, याचं मला बरं वाटतं. चाचा डोंग्यात मधोमध बसले होते, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून, गळ्यात ब्रश. आई मागून बांबू मारत होती. तिनं डोंगा थांबवला आणि पाण्याकडे नाही, या वेळी वर, पानांकडे हनुवटी केली. मी कॅमेरा उचलला नाही. पानावरचा वेलाच्या कडेला होता. आधी तो नुसताच उभा राहिला. मग ऊन तिरपं पडलं, त्यानं दोन्ही पंख किंचित उचलले आणि अंग जरासं आमच्याकडे वळवलं.

चाचांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. पक्षी चार पावलं चालला आणि वेलात शिरला तरी ते तिकडेच बघत होते.

मग आईनंच त्यांना त्यांचा प्रश्न विचारला. "भाऊ, काय पाह्यलं?"

चाचांनी डोंग्याची कड सोडली, दोन्ही हात वर केले आणि सगळी बोटं पसरून तिला दाखवली.